साबण, मेणबत्ती आणि श्रमांचे मोल

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेला साठ वर्षे पूर्ण होतात तेव्हा गुणवत्ता याद्यांची आणि नामवंत माजी विद्यार्थ्यांची आठवण निघते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच वर्गांत बसून गेलेल्या अशा कितीतरी मुली असतात, ज्यांचे नाव कोणत्याही फलकावर लागत नाही. शिक्षण होते, लग्न होते, पतीच्या नोकरीनिमित्त गाव सुटते आणि बेंगळुरूसारख्या महानगरातील एखाद्या सदनिकेत नवा संसार उभा राहतो. मुले शाळेत जाऊ लागली की दुपारचे चार तास रिकामे मिळतात. हातात पदवी असते, मनात उमेद असते. पूर्ण वेळ नोकरी मात्र शक्य नसते. अशा वेळी घरच्या घरी काहीतरी सुरू करण्याचा विचार पुढे येतो, आणि आजकाल त्या विचाराची पहिली धाव साबण आणि मेणबत्ती या दोन वस्तूंकडे असते. भांडवल थोडे लागते, जागा थोडी लागते, वस्तू देखणी होते आणि भेट म्हणून खपते. या छोट्या उद्योगाचा आजच्या व्याख्यानात थोडा खोलात जाऊन विचार करावयाचा आहे. कारण त्यात रसायनशास्त्र आहे, इतिहास आहे, कायदा आहे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्त्रीच्या श्रमांच्या मोलाचा प्रश्न आहे.

बेंगळुरू मराठी माणसाला परके नाही. १६३८ नंतर हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत होते. भाषेच्या बाबतीतही तेथे गेलेल्या मराठी गृहिणीला या उद्योगात एक सुखद अनुभव येतो. कन्नडमध्ये साबणाला ‘साबूनु’ म्हणतात आणि मेणबत्तीला ‘मेणद बत्ती’. शेजारणीला आपली वस्तू समजावून सांगताना पहिल्याच दिवशी अर्धे कन्नड तिच्या जिभेवर असते.

साबणाच्या बाबतीत तर बेंगळुरूचे स्थान भारतात वेगळेच आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी म्हैसूर संस्थान हे जगातील चंदनाच्या प्रमुख उत्पादकांपैकी एक होते. परंतु संस्थान विकत होते ते लाकूड. ओंडके जहाजाने युरोपात जात, तेथे त्यांचे तेल काढले जाई आणि तेलाचा खरा पैसा तेथेच राही. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले, निर्यात थांबली आणि चंदनाचे ढीग पडून राहू लागले. संकटाच्या त्या काळात महाराजा नाल्वडी कृष्णराज वडियार आणि दिवाण मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी लाकडासाठी नवा गिऱ्हाईक शोधण्याऐवजी निराळा प्रश्न विचारला : हे तेल येथेच का काढू नये? बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. सडबरो आणि प्रा. वॉटसन यांनी चंदनतेलाच्या ऊर्ध्वपातनाचे प्रयोग केले. १९१६ मध्ये बेंगळुरूत सरकारी साबण कारखान्याचा पाया घातला गेला. एस. जी. शास्त्री या तरुण रसायनशास्त्रज्ञाला साबणनिर्मितीच्या शिक्षणासाठी इंग्लंडला पाठविण्यात आले. त्यांनी परतल्यावर सिद्ध केलेला चंदनाचा साबण म्हणजेच ‘म्हैसूर सँडल सोप’. हत्तीचे मस्तक आणि सिंहाचे शरीर असलेल्या शरभाचे चिन्ह त्याच्या वेष्टनावर आजही असते. १९५७ मध्ये कारखाना राजाजीनगरात आला, आणि १९८० मध्ये संस्थानकाळातील हे सर्व कारखाने कर्नाटक सोप्स अँड डिटर्जंट्स या सरकारी कंपनीत एकत्र झाले.

हा इतिहास एका घरगुती उद्योगाच्या संदर्भात सांगण्याचे कारण असे की त्याचे मर्म घरालाही लागू पडते. लाकूड तेच होते. ज्ञान, कौशल्य आणि श्रम यांची जोड मिळताच त्याचे मोल पालटले. कच्चा माल स्वस्तात देऊन पक्क्या मालाची किंमत दुसऱ्याच्या हाती जाऊ देणे हा तोटा म्हैसूरने ओळखला. घरी साबण करणाऱ्या स्त्रीपुढे हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा असतो. तिचा कच्चा माल म्हणजे केवळ तेल आणि मेण नव्हे. तिचा वेळ हाही तिचा कच्चा माल आहे. तो ती कितीला देते?

साबण आणि मेणबत्ती या दोन वस्तू एकाच घरात का नांदतात, हे समजून घेण्यासारखे आहे. दोन्हींचे मूळ स्निग्ध पदार्थांत आहे. पूर्वी युरोपात चरबीच्या मेणबत्त्या होत. त्या धूर करीत, वास मारीत आणि उन्हाळ्यात वाकत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मिशेल शेव्हरल या फ्रेंच शास्त्रज्ञाने साबणीकरणाचा अभ्यास करता करता तेल-चरबीचे घटक कोणते हे उलगडून दाखविले. चरबीतून निघालेल्या स्टिअरिक आम्लापासून कडक, स्वच्छ जळणारी मेणबत्ती करता येऊ लागली. पुढे खनिज तेलापासून पॅराफिन मेण मिळू लागले आणि मेणबत्ती स्वस्त झाली. मायकेल फॅराडे या थोर शास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी मेणबत्तीच्या रसायनशास्त्रावर जी व्याख्याने दिली, ती १८६१ मध्ये पुस्तकरूपाने निघाली आणि आजही वाचली जातात. एका मेणबत्तीतून अर्धे विज्ञान शिकविता येते, हा त्या पुस्तकाचा शाळांना दिलेला धडा आहे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. तेल आणि कॉस्टिक सोडा यांचा संयोग झाला की साबण आणि ग्लिसरीन तयार होते. शाळेतील रसायनशास्त्रात हा धडा एका समीकरणात संपतो. घरात मात्र तो वजनकाट्यावर सुरू होतो. एक किलो खोबरेल तेलाचा पूर्ण साबण होण्यास सुमारे १८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. तेवढ्याच एरंडेलाला सुमारे १२८ ग्रॅम पुरतो. म्हणजे खोबरेलाचे प्रमाण धरून कोणी एरंडेलाचा साबण केला, तर सुमारे ५५ ग्रॅम कॉस्टिक तसाच मोकळा राहील आणि अंगाला लावणाऱ्याची त्वचा भाजेल. स्वयंपाकघरातील ‘अंदाजपंचे’ पद्धत येथे चालत नाही. जाणत्या स्त्रिया हिशेबापेक्षा साधारण पाच टक्के कॉस्टिक कमीच घेतात, म्हणजे थोडे तेल मोकळे राहते आणि साबण मऊ लागतो. पाचशे ग्रॅम खोबरेल, चारशे ग्रॅम शेंगदाणा तेल आणि शंभर ग्रॅम एरंडेल असा एक किलोचा घाणा घेतला, तर पाच टक्के सूट धरून सुमारे १५१ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. तेल बदलले की हा आकडा पुन्हा काढावा लागतो.

कॉस्टिक सोड्याशी वागण्याचे नियम कडक आहेत. कॉस्टिक पाण्यात टाकावा. कॉस्टिकवर पाणी कधीही ओतू नये, कारण ते उसळून अंगावर येते. द्रावण पाहता पाहता उकळत्या पाण्याच्या जवळपास तापते. ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नये. कॉस्टिक त्याला खातो आणि ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो. स्टेनलेस स्टीलची भांडी, हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि उघडी खिडकी एवढे हवेच. साबणाची भांडी स्वयंपाकाला परत जाऊ नयेत, आणि काम चालू असताना लहान मूल त्या खोलीत नसावे. अंगावर थेंब उडाला तर लिंबू किंवा व्हिनेगर शोधत न बसता भरपूर वाहत्या पाण्याने धुवावे. पावसाळ्यात कॉस्टिक हवेतील ओलावा पटकन शोषतो व त्याचे बळ कमी होते. म्हणून डबा घट्ट झाकणाचाच हवा.

तेल आणि द्रावण एकत्र घुसळले की मिश्रण दाट होते, त्यावर रेघ ओढली तर ती क्षणभर टिकते. मग ते साच्यात जाते, दुसऱ्या दिवशी वड्या पाडल्या जातात आणि त्यानंतर खरी परीक्षा सुरू होते ती धीराची. वड्या चार ते सहा आठवडे हवेशीर जागी मुरू द्याव्या लागतात. या काळात पाणी उडते, साबण कडक होतो आणि सौम्यही होतो. दिवाळीचा बाजार गाठायचा असेल तर पंचांग हाताशी ठेवावे. अनंत चतुर्दशी ते नरक चतुर्दशी हे अंतर साधारण दीड महिन्याचे. गणपती विसर्जनापर्यंत साबण साच्यात पडला, तरच तो अभ्यंगस्नानाला तयार मिळतो. मराठी घरांत दिवाळीच्या पहाटे उटण्याबरोबर मोती साबणाची वडी निघते. त्या पहाटेच्या सुगंधाशी घरगुती साबणाची स्पर्धा आहे, हे ज्या स्त्रीने ओळखले तिने वेळापत्रकही ओळखले.

बेंगळुरूचे हवामान या कामाला बरेच अनुकूल आहे. शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या वर असल्याने उन्हाळा मुंबईइतका दमट नसतो. अडचण असते ती पाण्याची. अनेक वसाहती बोअरवेलवर अवलंबून आहेत आणि ते पाणी बहुधा दुष्फेन असते. त्यात साबणाचा फेस कमी होतो आणि बादलीला पांढरट थर बसतो. ग्राहक समजतो, साबणच वाईट. म्हणून खोबरेलाचे प्रमाण थोडे वाढवून फेस वाढविणे, द्रावणासाठी शुद्ध केलेले पाणी वापरणे आणि ग्राहकाला पाण्याचे कारण दोन वाक्यांत समजावून सांगणे, ही तिन्ही कामे करावी लागतात.

मेणबत्ती त्या मानाने सोपी वाटते, परंतु तिचेही स्वतःचे शास्त्र आहे. घरगुती कामातील पॅराफिन मेण साधारण साठ अंशांच्या आसपास वितळते. ते थेट आचेवर ठेवू नये. गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवावे. मेण फार तापून पेटले तर त्यावर पाणी टाकणे म्हणजे आगीचा डोंब उसळविणे. आच बंद करून झाकण ठेवावे, हवा तुटली की आग शमते. सुगंधी मेणबत्तीत एक किलो मेणाला साठ ते ऐंशी ग्रॅम सुगंधी तेल पुरते. त्याहून जास्त घातले तर मेण ते धरत नाही आणि तेल पृष्ठभागावर घामासारखे येते. सर्वांत अवघड निवड असते वातीची. वात बारीक असेल तर मध्ये खड्डा पडून कडेचे मेण तसेच उरते. जाड असेल तर ज्योत नाचते आणि काजळी धरते. प्रत्येक नव्या भांड्यासाठी, प्रत्येक नव्या सुगंधासाठी एक मेणबत्ती स्वतः जाळून पाहणे हाच त्यावर उपाय. ती जळालेली मेणबत्ती वाया गेली असे मानू नये; तो परीक्षेचा खर्च आहे आणि तो हिशेबात धरायला हवा.

एकेकाळी प्रत्येक घरात वीज गेल्यावर लावण्यासाठी मेणबत्ती असे. आता इन्व्हर्टर आले आणि मेणबत्ती गरजेची न राहता भेटीची व सजावटीची झाली. बेंगळुरूत तिचे हंगाम अनेक आहेत. दिवाळी आहे, नाताळ आहे. शिवाजीनगरच्या सेंट मेरीज बॅसिलिकात ८ सप्टेंबरच्या उत्सवात मोठी गर्दी लोटते आणि मेणबत्त्या वाहिल्या जातात. त्याखेरीज वसाहतींची प्रदर्शने, लग्नाच्या परतभेटी आणि कार्यालयांच्या सणाच्या भेटवस्तू आहेत.

येथवर वस्तूची गोष्ट झाली. आता हिशेबाची.

समजा, वर सांगितलेल्या एक किलो तेलाच्या घाण्यातून तेरा वड्या निघाल्या. तेल, कॉस्टिक, सुगंध, कागद आणि डबी मिळून एका वडीला ४५ रुपये खर्च आला, आणि वडी ९० रुपयांना विकली. तेरा वड्यांचे ११७० रुपये आले, माल ५८५ रुपयांचा होता, तेव्हा ५८५ रुपये फायदा झाला, असे वहीत लिहिले जाते. घरातील सर्वांना आनंद होतो. पण त्या घाण्यामागचे तास मोजले तर काय दिसते? वजने आणि तयारी एक तास, साबण घुसळणे व ओतणे दीड तास, धुणे-पुसणे अर्धा तास, कापणे आणि मांडणे एक तास, वेष्टन व लेबल दीड तास, आणि मागण्यांना उत्तरे देणे, माल पोहोचविणे यांत अडीच तास. एकूण आठ तास. तासाला केवळ ६० रुपये धरले तरी मजुरी होते ४८० रुपये. ५८५ मधून ती वजा केली की उरतात १०५. दोन वड्या खपल्या नाहीत तर त्यांचे १८० रुपये येत नाहीत, आणि तो फायदा ७५ रुपयांच्या तोट्यात जातो. माल दुकानात ठेवला आणि दुकानदाराने तीस टक्के घेतले तर तेरा वड्यांमागे ३५१ रुपये जातात. गॅस, वीज आणि प्रदर्शनाचे भाडे अद्याप बाजूलाच आहे.

हे आकडे निराश करण्यासाठी नाहीत. त्यांतूनच मार्गही निघतो. चार किलोचा घाणा घेतला तर वड्या बावन्न होतात, पण तास चौपट होत नाहीत. भांडी तेवढीच, पोहोचविण्याच्या फेऱ्याही जवळपास तेवढ्याच. समजा अठरा तास लागले, तर मजुरी १०८० रुपये होते. वडीमागे मजुरी सुमारे ३७ रुपयांवरून सुमारे २१ रुपयांवर येते. म्हणजे उपाय भाव पाडण्यात नसून कामाच्या मांडणीत आहे. हा उपाय केव्हा सुचतो? तास लिहिले जातात तेव्हाच. जी स्त्री कॉस्टिक ग्रॅमपर्यंत मोजते, तीच स्वतःचे तास मात्र मोजत नाही. ‘घरातलेच तर काम’ असे घरचे म्हणतात, आणि पुष्कळदा तीही म्हणते. हा एक शब्दप्रयोग या छोट्या उद्योगांना जितका मारक ठरतो, तितका बाजारातील मोठा प्रतिस्पर्धीही ठरत नाही. मोठ्या कारखान्याच्या वडीच्या भावाशी घरची वडी बरोबरी करू शकत नाही. ती करण्याच्या प्रयत्नात जे कापले जाते ते तिचे श्रमच असतात.

श्रमांचा दर कसा ठरवावा? एक साधी कसोटी आहे. हेच काम शेजारच्या एखाद्या बाईकडून करून घ्यायचे असते, तर तिला तासाला किती द्यावे लागले असते? तेवढा दर स्वतःला द्यावा. मागणी वाढून खरोखरच मदतनीस ठेवण्याची वेळ आली की या हिशेबाचे महत्त्व कळते; कारण तोपर्यंत फुकट धरलेले श्रम आता रोख द्यावे लागतात, आणि भाव चुकीचा ठरलेला असेल तर उद्योग वाढताच बुडतो.

श्रमांना मोल देणारी उदाहरणे मराठी मुलखात आहेत. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले. त्यातून उभा राहिलेला लिज्जतचा पसारा सर्वांना ठाऊक आहे. तेथे काम करणारी प्रत्येक स्त्री ‘भगिनी’ म्हणजे सहमालक मानली जाते, आणि लाटणीचे पैसे तिला मापाप्रमाणे मिळतात. देणगी घ्यायची नाही हा नियम त्यांनी आरंभापासून पाळला. मेणबत्तीचे उदाहरण महाबळेश्वरचे आहे. तरुणपणी दृष्टी गमावलेले भावेश भाटिया मुंबईला राष्ट्रीय अंध संघाच्या केंद्रात मेणबत्ती करण्यास शिकले आणि महाबळेश्वरच्या बाजारात भाड्याच्या हातगाडीवर मेणबत्त्या विकू लागले. उत्पन्न तुटपुंजे असतानाही ते रोज २५ रुपये दुसऱ्या दिवशीच्या कच्च्या मालासाठी बाजूला काढून ठेवीत. पुढे त्यांनी उभारलेल्या ‘सनराइज कँडल्स’मध्ये अनेक दृष्टिहीन व्यक्तींना काम मिळाले. त्या २५ रुपयांकडे विद्यार्थ्यांनी जरूर पाहावे. उद्योगाचा पैसा आणि घरखर्चाचा पैसा वेगळा ठेवणे म्हणजे काय, हे त्याहून सोपे करून सांगता येणार नाही.

हिशेबाचे तिसरे अंग आहे प्रामाणिकपणा, आणि येथे कायद्याचीही गाठ पडते. आंघोळीचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधन ठरतो. १९४० च्या औषधे व प्रसाधने कायद्याच्या व्याख्येतून साबण पूर्वी वगळलेला होता. १९८२ च्या दुरुस्तीने ती सूट गेली. आज प्रसाधने नियम, २०२० नुसार विक्रीसाठी साबण करणाऱ्याला राज्याच्या परवाना अधिकाऱ्यांकडून परवाना घ्यावा लागतो, आणि त्यासाठी जागा, उपकरणे व जाणकार तांत्रिक व्यक्ती यांच्या अटी आहेत. तयार साबणाचा गोळा आणून, वितळवून साच्यात ओतला तरी विकली जाणारी वस्तू प्रसाधनच राहते. परवानाधारक कारखान्याच्या सोयी वापरून स्वतःचे उत्पादन काढण्याचा, ज्याला व्यवहारात लोन लायसन्स म्हणतात तोही, एक मार्ग आहे. मेणबत्ती प्रसाधनात मोडत नसल्याने तिला हा परवाना लागत नाही. म्हणूनच आरंभ मेणबत्तीने करावा, बाजार आणि हिशेब शिकून घ्यावा आणि मग परवान्याची तयारी करून साबणाकडे वळावे, हा क्रम शहाणपणाचा ठरतो. उद्यम नोंदणी विनाशुल्क होते. बेंगळुरूत १९८३ पासून ‘अवेक’ ही महिला उद्योजकांची संघटना प्रशिक्षण आणि मार्गदर्शनाचे काम करीत आहे. अशा संस्थांचे दार ठोठावण्यात संकोच नसावा.

वेष्टनावर घटक, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना व वर्ष, कमाल किंमत आणि पत्ता असावा, हा नियम आहे. पण त्यामागे नीती आहे. शंभर ग्रॅमची म्हणून कापलेली ओली वडी सहा आठवड्यांनी शंभर ग्रॅम राहत नाही. म्हणून ती कापतानाच थोडी मोठी कापावी आणि मुरल्यावर पुन्हा तोलावी. तीच गोष्ट नावाची. चंदनाचे अस्सल तेल अतिशय महाग असते. स्वस्त वडीत ते असणे शक्य नाही. कृत्रिम सुगंध वापरणे हा गुन्हा नाही, पण त्याला ‘शुद्ध चंदन’ म्हणणे ही फसवणूक आहे, आणि ज्या शहराने शंभर वर्षांपूर्वी खऱ्या चंदनतेलाच्या बळावर नाव कमावले त्या शहरात तर ती अधिकच लाजिरवाणी. ‘चंदनगंधी’ असे स्पष्ट लिहिले तरी चांगली वडी खपते, आणि ग्राहक परत येतो.

या सर्वांत शाळेचे काम कोणते? महाराष्ट्राच्या शाळांत कार्यानुभवाच्या तासाला खडू आणि मेणबत्त्या करण्याची परंपरा जुनी आहे. १९३७ च्या वर्धा परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला, त्याचाच हा धागा. पण बहुतेक ठिकाणी मेणबत्ती तयार झाली की तास संपतो. तो तेथे संपू नये. प्रत्येक गटाने एक वही ठेवावी आणि तिच्यात तीन रकाने असावेत : माल किती लागला, वेळ किती लागला, विक्री किती झाली. विज्ञानाच्या शिक्षकांनी मेण का वितळते ते सांगावे, गणिताच्या शिक्षकांनी वेळेचा दर काढून द्यावा, मराठीच्या शिक्षकांनी खरे आणि नेटके लेबल लिहून घ्यावे. वहीतील दुसरा रकाना मुलींइतकाच मुलांनीही भरावा. कारण उद्या त्यांच्याच घरात कोणीतरी दुपारच्या चार तासांत साबण करीत असेल, आणि ‘घरातलेच तर काम’ हे शब्द त्यांच्या तोंडी येऊ नयेत, ही जबाबदारी शिक्षणाचीच आहे.

पालकांना आणि विशेषतः माता-भगिनींना एवढेच सांगणे की उद्योग लहान असण्यात कमीपणा काहीच नाही. महिन्याला दोन घाणे निघाले तरी चालतील. पण त्यांची नोंद असावी, त्यांत आपल्या तासांना दर असावा, आणि त्या दराने येणारी रक्कम त्या स्त्रीच्या नावावर बँकेत जमा व्हावी. वर्षअखेरीस खाते पाहिले म्हणजे हा छंद आहे की उपजीविका, हे कोणी सांगावे लागत नाही, आणि दोन्हींपैकी जे असेल ते तिने डोळसपणे निवडलेले असते.

हीरक महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी शाळेच्या आजी-माजी विद्यार्थ्यांना, त्यांच्या घरांतील छोट्यामोठ्या उद्योगांना आणि ते उद्योग चालविणाऱ्या हातांना मनःपूर्वक शुभेच्छा. शाळेने शिकविलेली बेरीज-वजाबाकी त्या हातांच्या उपयोगी पडो, हीच सदिच्छा.